घरचा सर्व्हर: आधी राउटर उघडून बघा

जुना मिनी पीसी, 8 जीबी रॅम, 256 जीबीची एसएसडी आणि डेबियन ही मोफत लिनक्स प्रणाली. सुरुवातीला एवढं पुरतं. सतत 10 वॅट खाणारं यंत्र वर्षाला साधारण 88 युनिटं जाळतं. जुना डेस्कटॉप जुंपलात तर याच्या कितीतरी पट.

बहुतेकांचं घोडं पेंड खातं ते घराबाहेरून सर्व्हरला जोडताना. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी राउटरने सर्व्हरकडे वळवणं) नीट करूनही काही उघडत नाही? राउटरच्या सेटिंगमधला वॅन आयपी, म्हणजे इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता बघा. तो 100.64 ते 100.127 मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला. डोकं फोडण्यापेक्षा सरळ टेलस्केल टाका; हे तुमच्या यंत्रांना खाजगी जाळ्यात जोडणारं सॉफ्टवेअर, त्याला पोर्ट उघडावे लागत नाहीत.

वाशी-ऐरोलीत खाडीकडच्या खिडकीत मात्र यंत्र नको. दमट खारी हवा कनेक्टर गंजवते. यूपीएसवर राउटरही जोडा, नाहीतर वीज गेल्यावर नुसताच सर्व्हर जागा.