सहा नंबरची दाढ

दाताच्या दवाखान्यातल्या मदतनीस बाईला लोक डॉक्टरांपेक्षा जास्त खरं सांगतात. ब्रश खरंच दोनदा होतो का, पोर बिस्कीट तोंडात धरून झोपतं का, मशेरी अजून चालू आहे का, हे सगळं बाहेरच्या बाकावर माझ्यापाशी येतं. आत मॅडमसमोर सगळेच शहाणे. फोंड्यातल्या या दवाखान्यात मी बरीच वर्षं आहे. हत्यारं ऑटोक्लेव्हला (वाफेने जंतू मारायच्या यंत्राला) लावणं, सिमेंट कालवणं, रडणाऱ्या पोराचं डोकं धरणं आणि तक्ता लिहिणं ही माझी कामं. आजचं लिखाण या तक्त्यावरूनच सुचलं.

मॅडम तोंडात आरसा घालून आकडे सांगतात, मी लिहीत जाते. ‘फोर-सिक्स केरीज, टू-सिक्स फिलिंग, थ्री-एट मिसिंग.’ केरीज म्हणजे कीड. पेशंटला वाटतं, आपल्यापासून काहीतरी लपवताहेत. लपवण्यासारखं त्यात काही नाही. तोंडाचे चार भाग धरायचे: वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. उजवं-डावं पेशंटचं, बघणाऱ्याचं नव्हे. मग मधल्या रेषेपासून मागे मोजत जायचं. १ आणि २ पटाशीचे दात, ३ सुळा, ४ आणि ५ उपदाढा, त्यामागे ६, ७, ८ दाढा. आठवी ती अक्कलदाढ, आणि ती सगळ्यांना येतेच असंही नाही. पहिला आकडा भागाचा, दुसरा दाताचा, म्हणून ते सुटेच म्हणायचे. ‘चार-सहा’, सेहेचाळीस नव्हे. दुधाच्या दातांसाठी याच चार भागांना ५ ते ८ हे आकडे. दुधाचे दात वीसच असतात, कारण त्यांच्यात उपदाढा नसतात. प्रत्येक भागात दोन पटाशीचे, एक सुळा आणि लगेच दोन दाढा, असे पाच.

घोळ होतो तो या पाचांच्या मागे. मूल साधारण सहा वर्षांचं झालं की तिथे सहावी दाढ येते, आणि तिच्यासाठी एकही दात पडत नाही. पुढचा दात हलला, पडला, कौलांवर टाकला की घरभर बोभाटा होतो. ही मात्र मागच्या मागे हिरडीतून वर येते आणि कुणाला पत्ता नसतो. ती कायमची दाढ असते. तिच्या जागी पुढे दुसरं काही येत नाही. वय सहा, जागा सहावी आणि तक्त्यातला नंबरही सहा. लक्षात ठेवायला याहून सोपं काय हवं?

तरी घडतं ते असं. सावईवेऱ्याहून एक आजी नातवाला घेऊन आल्या. पोर दुसरीतलं, उजवा गाल टम्म. मॅडमनी आत बघितलं आणि म्हणाल्या, ‘फोर-सिक्स.’ मी लिहीत होते तोवर आजी म्हणाल्या, ‘अगो बाय, दुधाची दाढ ती, काडून उडय! तिला मूळ तरी कुठं असतं?’ मी म्हटलं, ‘आजी, ही दुधाची नव्हे. ही नातवाला म्हातारपणापर्यंत पुरायची आहे.’ आजींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू दाढ मीच किडवली.

त्यांच्या बोलण्यातलं ते ‘मूळ नसतं’ मी इतक्यांदा ऐकलंय! दुधाच्या दाताला मूळ असतं. दुधाच्या खालच्या दाढेला दोन आणि वरच्या दाढेला तीन मुळं असतात, चांगली फाकलेली. खालून कायमचा दात सरकत आला की मूळ हळूहळू विरत जातं. पडलेला दात आपल्याला बुडाशी पोकळ दिसतो तो त्यामुळे. आणि दुधाच्या दाढा तरी उगाच का काढायच्या? त्या पडतात दहाव्या ते बाराव्या वर्षाच्या सुमारास, मग त्यांच्या जागी उपदाढा येतात. तोवर जागा राखायचं काम त्यांचंच. लवकर काढल्या तर मागची सहावी पुढे सरकते आणि उपदाढेला वाट उरत नाही.

सहावी ओळखायची तर आधी मोजायचं आणि मग नीट बघायचं. ती दुधाच्या दाढेपेक्षा मोठी असते, रंगाने थोडी पिवळट. (कायमचे दात दुधाच्या दातांहून पिवळे असायचेच, त्यासाठी पेस्ट बदलू नका.) खालच्या सहावीवर चावायच्या बाजूला सहसा पाच उंचवटे असतात आणि त्यांच्यामधून बारीक, खोल चिरा गेलेल्या असतात. काही चिरा इतक्या अरुंद की ब्रशचा केस आत शिरत नाही. जत्रेतून आणलेलं खाजं, त्याचा गूळ, शाळेच्या डब्यातलं बिस्कीट मात्र बरोबर तिथे जाऊन बसतं.

दाताचं वरचं आवरण एनॅमलचं. आपल्या शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू तीच. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. पण तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल करतात, आणि पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त) ५.५च्या आसपास खाली गेला की हेच एनॅमल विरघळू लागतं. ते पुन्हा उगवत नाही, कारण ते तयार करणाऱ्या पेशी दात तोंडात येईपर्यंत संपलेल्या असतात. त्याला संवेदनाही नाही, म्हणून कीड त्यात असेपर्यंत पोर तक्रार करत नाही. खाली डेंटिन, म्हणजे एनॅमलच्या आतला थर लागला, की गार पाणी झोंबतं. त्यात आतपर्यंत जाणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात. त्याच्याही आत पल्प, म्हणजे नस आणि रक्तवाहिन्या, चहूबाजूंनी बंद खोलीत. तिथे सूज आली तर फुगायला जागा नाही. आडवं झालं की ठणका वाढतो आणि रात्री दोन वाजता घर जागं होतं, ते यामुळे. लोक येतात ते या टप्प्यावर. त्यात सहावीची मुळं पूर्ण व्हायला ती उगवल्यावरही साधारण तीन वर्षं जातात. सात वर्षांच्या पोराच्या मुळाची टोकं उघडीच असतात, त्यामुळे मोठ्या माणसासारखं सरळ रूट कॅनल तिथे होत नाही.

हिरड्यांबद्दल थोडक्यात, कारण त्यावर मी बोलायला लागले की थांबत नाही. दात हाडात खिळा ठोकल्यासारखा पक्का बसलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतू असतात, त्यांच्यावर तो तोललेला असतो. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक फट असते. मॅडम तीत खुणांची सळई घालून मोजतात. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, पुढे काळजी. निरोगी हिरडीतून ब्रशने रक्त येत नाही. आलं की लोक नेमकी तीच जागा ब्रश करायची सोडतात! मग खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला कीटण चढतं. तिथे चढतं कारण लाळेच्या ग्रंथीचं तोंड जवळच उघडतं. ‘साफ केल्यावर दात हलायला लागले’ ही तक्रार तर ठरलेली. कीटणाखाली हाड आधीच झिजलेलं असतं, कीटण निघाल्यावर ते कळतं एवढंच.

आजींच्या नातवाला मॅडमनी बांबोळीला गोवा डेंटल कॉलेजमध्ये पाठवलं. लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग तिथे आहे. जाताना आजींनी विचारलं, ‘मग बाकीच्या तिघींचं काय?’ प्रश्न अगदी बरोबर होता. बाकीच्या तीन सहाव्या धड होत्या, पुढच्या खेपेला आम्ही त्यांच्या चिरा सीलंटने भरल्या. सुई नाही, ड्रिल नाही. दाढ धुऊन वाळवायची, पातळ औषध लावायचं, निळा उजेड मारायचा. अवघड काय, तर तेवढा वेळ ती कोरडी ठेवणं, आणि ते काम माझं. त्या पोराची जीभ तिन्ही वेळा मध्ये आली, तिन्ही वेळा आमचं भांडण झालं, आणि आजी बाजूला बसून त्यालाच सामील.