पॉइंटरांचा अ‍ॅरे, लिंक्ड लिस्ट आणि भलतीकडेच होणारा क्रॅश

सी भाषेत हॅश टेबल (कीवरून नोंद चटकन शोधून देणारी रचना) लिहिताना नेहमीची रचना ठरलेली असते: समजा १०१ पॉइंटरांचा (मेमरीतले पत्ते ठेवणाऱ्या खान्यांचा) अ‍ॅरे आणि प्रत्येक खान्यापासून सुरू होणारी एक लिंक्ड लिस्ट, म्हणजे पुढच्याचा पत्ता ‘नेक्स्ट’मध्ये ठेवणाऱ्या नोडांची साखळी. प्रोग्राम क्रॅश होतो तो लिस्टवरून फिरणाऱ्या लूपमध्ये, म्हणून सगळे तो लूपच तपासत बसतात. चूक मात्र बहुतेक वेळा त्याआधीच, अ‍ॅरे तयार करताना झालेली असते.

मॅलॉक हे फंक्शन मेमरीत जागा देतं, ती पुसून देत नाही. खान्यात उरलेला कचरा नल (‘इथे काही नाही’ सांगणारा शून्य पत्ता) नसतो, त्यामुळे लूप त्यालाच नोड समजून त्याच्या मागे जातो. ऑपरेटिंग सिस्टिमकडून नव्याने मिळालेली पानं शून्य भरलेली असतात, म्हणून छोट्या चाचणीत सगळं सुरळीत चालतं. आधी फ्री केलेली (परत देऊन टाकलेली) जागा पुन्हा वाट्याला आली की गडबड सुरू.

मग जागा शून्याने भरायला मेमसेट आठवतो, आणि तिची लांबी साइझऑफने मोजायला गेलं की इथे खरा सापळा आहे. टेबल हा पॉइंटर असेल तर ६४ बिट मशीनवर त्याचा साइझऑफ ८ बाइट येतो, ८०८ नाही. पहिला खाना तेवढा शून्य होतो, बाकीचे १०० तसेच राहतात. त्यापेक्षा सरळ शून्य भरूनच जागा देणारा कॅलॉक वापरा आणि खान्यांची संख्या हातानेच द्या.

की (जिच्यावरून नोंद शोधायची ती) म्हणून स्ट्रिंग असेल तर तिच्यावरून काढलेला आकडा, म्हणजे हॅश, अनसाइन्ड (कधीच ऋण न होणारा) ठेवा. अनेक कंपायलरांत कॅर (अक्षराचा एक बाइट ठेवणारा प्रकार) साइन्ड असतो. देवनागरी अक्षरांचे बाइट ऋण होतात, खान्यांच्या संख्येने भागून बाकी काढल्यावर इंडेक्सही ऋण येऊ शकतो आणि आपण अ‍ॅरेच्या आधीच्या जागेत लिहितो. ती खराबी पुढे कुठल्यातरी निष्पाप फ्रीमध्ये उघडी पडते.

लिस्ट मोकळी करताना नोड फ्री करून मग त्याचा नेक्स्ट वाचणं ही सर्वांत जुनी चूक. नेक्स्ट आधी बाजूला ठेवा, मग फ्री करा. पहिलाच नोड काढत असाल तर अ‍ॅरेतला खानाही बदलावा लागतो, नाहीतर तो मेलेल्या नोडकडे बोट दाखवत राहतो.

नोडमध्ये की-पॉइंटर, इंट (पूर्णांक) आणि नेक्स्ट असे क्रमाने असतील तर ६४ बिटवर तो सहसा २४ बाइटचा होतो आणि नेक्स्ट १६व्या बाइटवर बसतो. मेमरीतल्या चुका शोधणाऱ्या व्हॅलग्राइंडने ‘फ्री केलेल्या २४ बाइटच्या ब्लॉकमध्ये १६ बाइट आत’ असं सांगितलं, तर वाचलेला नेक्स्टच होता हे लगेच ओळखता येतं. कंपायलरमधला अ‍ॅड्रेस सॅनिटायझर हे वेगाने पकडतो, पण न भरलेला खाना वाचल्याचं तो सांगत नाही. त्यासाठी ट्रॅक ओरिजिन्स हा पर्याय चालू करून व्हॅलग्राइंडच लावा, ती जागा कुठल्या मॅलॉकमधून आली तेही कळतं.