तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या डेअरीत रांग का नसते

जिल्हा दूध संघाच्या बैठकीत, पाहुण्यांच्या लग्नात, एसटीत शेजारी बसलेल्या माणसाकडून, असा कुठंही मला एक प्रश्न हमखास येतो: "तुमच्या डेअरीत सकाळी गर्दी कशी दिसत नाही? दूध तर आमच्यापेक्षा जास्त आहे तुमचं." आणि मी तोंड उघडायच्या आत पुढचा प्रश्न येतो: "मशीन कुठलं घेतलंत?"

दुधातला स्निग्धांश, म्हणजे फॅट, तपासायचं मशीन तुमच्याकडं आहे तेच आहे. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी करवीर तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेचा सचिव. सोळा वर्षं झाली. हाताखाली दोन माणसं, एक मापाडी आणि एक सॅम्पल घेणारा. सुरुवातीच्या वर्षांत आमच्या दारात सकाळी सहापासून जी रांग लागायची ती आठ वाजले तरी हलायची नाही. पावसाळ्यात बायका डोक्यावर खोळ घेऊन, किटली पदराखाली धरून उभ्या. मे महिन्यात तर त्याहून वाईट, कारण तेव्हा दूध उभं राहत नाही.

धार काढल्यावर दूध जनावराच्या अंगाइतकं ऊन असतं, ३७-३८ अंश. त्या उबेत जिवाणूंची संख्या वीस-तीस मिनिटांत दुप्पट होऊ शकते. ते ४ अंशांवर नेलं की वाढ मंदावते. म्हणजे गोठ्यापासून कूलरपर्यंत जेवढी मिनिटं जातात, तेवढी सगळी दुधाच्या आयुष्यातून वजा. एका उन्हाळ्यात आमचे कॅन लागोपाठ आंबट म्हणून परत आले. ज्यांनी चांगलं दूध घातलं होतं त्यांचंही त्यात गेलं. एका आक्काचं दूध मी स्वतः सकाळी मोजून घेतलं होतं, गोडं, स्वच्छ. तिला दुपारी काय सांगायचं? चूक तिच्या म्हशीची नव्हती, तिच्या हातांची नव्हती. ती पाऊण तास आमच्या दारात उभी होती, आणि त्यानंतर दूध टेंपोत.

त्या रात्री मी कागदावर हिशेब मांडला. दीडशे उत्पादक, सरासरी चाळीस मिनिटं थांबणं. सहा हजार मिनिटं होतात. शंभर तास. रोज सकाळी गावातल्या बायकांचे शंभर तास आमच्या कट्ट्यासमोर उभे राहून जात होते, आणि संध्याकाळची पाळी वेगळीच. या बाया साडेचारला उठलेल्या असतात. शेणघाण, वैरण, धार, पोरांचे डबे, आणि आठला भांगलणीला बांधावर हजर. संस्था वाढत का नाही म्हणून आम्ही संचालक मंडळात दर महिन्याला चर्चा करायचो. उत्तर रोज सकाळी दारात उभं होतं.

मग पहिलं काम केलं ते वही घेऊन बसायचं. तीन दिवस मी मापाला हात लावला नाही. खुर्ची टाकून कोपऱ्यात बसलो आणि घड्याळ लावून लिहीत गेलो: ही आली, किटली ठेवली, नंबर सांगितला, दूध ओतलं, सॅम्पल घेतलं, पावती मिळाली, गेली. मला वाटत होतं वेळ मापात जातो. माप अर्ध्या मिनिटाचंही नव्हतं.

वेळ जात होता तो पशुखाद्यात. रांगेत पाचवी असलेली बाई दूध ओतून झाल्यावर म्हणायची, "आणि एक पोतं द्या." की मापाडी उठणार, मागच्या खोलीत जाणार, पोतं काढणार, वहीत नोंद करणार, तिच्या दिराला हाक मारून गाडीवर टाकणार. तोवर मागचे पंचवीसजण जागेवर. तिच्यानंतर कुणी तरी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मागायचं. उचल मागणारा माणूस घाईत बोलत नाही, त्याला अडचण सांगायची असते, आणि ती ऐकून घ्यायलाच पाहिजे. पण ती सकाळी सात वाजता, पंचवीस किटल्यांच्या समोर ऐकली तर त्यालाही संकोच आणि बाकीच्यांनाही ताटकळणं. तिसऱ्या दिवशी बेरीज केली तेव्हा निम्म्याहून जास्त खोळंबा या दोन गोष्टींचा निघाला. दुधाशी त्यांचा काही संबंध नव्हता.

पशुखाद्य आणि उचल सकाळी नऊ ते अकरा, असा बोर्ड लावला. पहिला आठवडा लोकांनी मला भरपूर ऐकवलं. "सचिव झाला म्हणून कायदे कराय लागला व्हय?" दुसऱ्या आठवड्यात मंदिराच्या पारापर्यंत जाणारी रांग आमच्या पायरीपर्यंत आखडली होती, आणि बोलणं थांबलं. एक पैसाही लागला नाही. उचल मागायला येणारे आता निवांत बसतात, चहा होतो, आणि मलाही त्यांचं नीट ऐकता येतं.

दुसरी गोष्ट मला सुचली नाही, वस्तीवरच्या एका म्हातारीनं सांगितली. ती म्हणाली, "आमची धार साडेपाचला होती. पण गावातल्या आधी येऊन बसत्यात म्हणून आमी सावकाश येतो." विचारल्यावर कळलं की सगळी वस्तीच असं करते. म्हणजे साडेसहापर्यंत मापाडी जवळजवळ रिकामा आणि सातला एकदम शंभर माणसं. मग वस्ती आधी, वरची आळी मग, आणि पेठ शेवटी, असं बायकांनीच आपसात ठरवलं. मी कुणावर लादलं नाही. एखादीची म्हैस उशिरा पान्हावली तर ती कधीही येते, तिला कुणी अडवत नाही. गाईचं आणि म्हशीचं माप वेगळं केलं, जुना काटा दुरुस्त करून घेतला. एवढ्यावर सुरळीत झालं.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण तुम्ही माझ्यासारखं करायला गेलात तर याच ठिकाणी ठेचकाळाल.

आमच्याकडं पद्धत अशी होती की किटलीतलं दूध मापाच्या भांड्यात ओतायचं, ढवळणीनं वरखाली ढवळायचं, मग पळीनं सॅम्पल काढायचं. ढवळायला दहा सेकंद. मी पुन्हा हिशेब केला: दीडशे जणांचे दहा सेकंद म्हणजे पंचवीस मिनिटं. मला हाव सुटली. म्हटलं, बाई रांगेत उभी असतानाच तिच्या किटलीतून पळीभर दूध काढून घेऊ, पुढं माप चालू राहील, इकडं मशीनवर फॅट लागत राहील, ज्यावर दर ठरतो. दोन कामं एकाच वेळी. वीसच मिनिटांत दारातली गर्दी ओसरायला लागली आणि मी स्वतःवर खूश होतो.

चौथ्या-पाचव्या दिवशी वस्तीवरच्या दोघी-तिघी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "आमच्या म्हशीला साडेसहाच लागतंय, आणि ह्या पेठेतल्यांचं साडेसातवर गेलंय. आमचं दूध पातळ आणि ह्यांचं घट्ट, असं कवापासनं झालं?" मी म्हटलं, वैरण बदलली असेल, शेवटची धार रेडकू पीत असेल. शेवटच्या धारेत फॅट जास्त असतं हे खरंच आहे, त्यामुळं माझं मलाच पटलं. त्यांना पटलं नाही.

दहा दिवसांचं बिल आलं तेव्हा उलगडा झाला. आम्ही उत्पादकांना दिलेल्या फॅटची बेरीज आणि संघानं आमच्या एकूण दुधाला लावलेलं फॅट, यांत तफावत. आम्ही जास्त दिलं होतं. दूध तेच, मशीन तेच.

मग ध्यानात आलं. दूध स्थिर राहिलं की साय वर येते. पेठेतली बाई धार काढून किटली ओट्यावर ठेवते, पोरांचं आवरते, आणि दहा पावलांवर डेअरीत येते. तिच्या किटलीत वरचा थर दाट, आणि आमची पळी नेमकी त्या थरात. वस्तीवरची बाई वीस मिनिटं चालत येते, बांधावरनं, चढावरनं. तिचं दूध वाटेतच घुसळून निघतं. तिचं फॅट खरं लागत होतं. खऱ्याला कमी आणि खोट्याला जास्त दाम, आणि तोही सगळ्यात लांबून चालत येणाऱ्यांना कमी. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मासिक सभेत मी उभा राहून सगळं सांगितलं. जास्त दिलेल्या पैशाचा फरक संस्थेच्या नफ्यातून भरून निघाला. ढवळणी दुसऱ्या दिवशी सकाळी परत भांड्यात आली. आजही आमच्या सॅम्पल घेणाऱ्या पोराला मी सांगतो: वर एकदा, खाली एकदा, परत वर, परत खाली, आणि मगच पळी. रांग कितीही असो. ते दहा सेकंद त्या बाईचे आहेत. ते वाचवायचा मला अधिकार नाही.

हे पुन्हा पुन्हा सांगतो, कारण फॅटवरचा विश्वास म्हणजेच दूध संस्था. मी शाळेत असताना गावच्या डेअरीत फॅट नळीवर काढायचे. १० मिलि गंधकाम्ल, १०.७५ मिलि दूध, १ मिलि अमाइल अल्कोहोल, मग नळ्या यंत्रात घालून हातानं फिरवायच्या आणि वर आलेला पिवळा थर उजेडाकडं धरून वाचायचा. उत्तर कळायला वेळ लागायचा, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर भरवसा ठेवावा लागायचा. भांडणं व्हायची ती तिथंच. आता मिनिटभरात आकडा पडद्यावर, बाईच्या डोळ्यांसमोर. पण हेच मशीन रोज नीट धुतलं नाही, ठरलेल्या वेळी तपासून घेतलं नाही, तर आकडा सरकतो आणि कुणाला कळतही नाही. रांगेतून वाचलेली मिनिटं आम्ही तिथं घातली. माप संपल्यावर मशीन, भांडी, गाळणी, नळी, सगळं धुऊन पुसून झाल्याशिवाय शटर खाली येत नाही. ज्या संस्था घाईत असतात तिथं पहिल्यांदा धुणं सुटतं. हे मी पाहिलंय.

दुसऱ्या एका ठिकाणी आम्हाला वेग मिळाला तो पैशाच्या बाबतीत. आमच्याकडं दहा दिवसांचं बिल. पूर्वी आकडे जुळवण्यात, खाडाखोड काढण्यात चार-पाच दिवस जायचे. रोजच्या रोज पाळी बंद करायची सवय लावली, सकाळचा हिशेब सकाळीच. आता बिल बंद झालं की दुसऱ्या दिवशी खात्यावर पैसे. गवळ्याला दूध घालणाऱ्या कितीतरी बायकांनी मला सांगितलंय, तो दर थोडा कमी देतो पण रोख देतो आणि दारात येऊन नेतो, थांबवत नाही. त्यांचा हिशेब बरोबरच होता. आम्ही दोन आणे जास्त देऊन त्यांचा पाऊण तास घेत होतो. तो पाऊण तास परत दिल्यावर त्या आल्या. प्रचार करावा लागला नाही. दूध वाढलं, म्हणून गावातच दूध गार करणारा बल्क कूलर बसवणं परवडलं, म्हणून उन्हाळ्यात आंबट दुधाचा प्रश्न जवळजवळ मिटला, म्हणून दिवाळीचा फरक, म्हणजे दुधावर मिळणारी जास्तीची रक्कम, वाढला.

१९४६ मध्ये खेडा जिल्ह्यात जी सहकारी दुधाची घडी बसली, आणि १९७० नंतर दुग्धमहापूर योजनेतून देशभर गेली, तिच्यात तीन पायऱ्या आहेत: गाव, जिल्हा, राज्य. वरच्या दोन पायऱ्यांवर मोठी यंत्रं असतात, इंजिनिअर असतात, टँकर असतात. पण गावात गेलेला अर्धा तास वरची कुठलीच यंत्रणा भरून काढू शकत नाही. आलेलं दूध गार करता येतं, आंबट झालेलं गोड करता येत नाही. म्हणून मला सचिवाचं काम लहान वाटत नाही.

माझ्या माणसांबद्दल एक सांगायचं राहिलं. मी मापाड्याला कधी "हात उचल" म्हटलेलं नाही. दूध घालणारी दीडशे माणसं आता सव्वादोनशे झाली, तरी तो पूर्वीपेक्षा सावकाशच काम करतो. फक्त त्याला मध्ये उठावं लागत नाही. दोघं एक दिवसाआड जागा बदलतात, म्हणजे एकजण आजारी पडला तर काम अडत नाही. आठ वाजता दोघं मोकळे होतात.

परवा शेजारच्या तालुक्यातून एका नव्या सचिवांचा फोन आला. तोच प्रश्न, तेच मशीन. मी त्यांना म्हटलं, आधी तुमच्याच डेअरीत तीन सकाळी बसा, वही घेऊन. मापाला हात लावू नका. मग इकडं या, आपण दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघू. ते येत्या सोमवारी येतायत. मी त्यांना सहाला यायला सांगितलंय, वस्तीवरच्या बायका येतात त्या वेळी.