खरखर काढायला आलेली गिटार

काका ऑर्केस्ट्रात वाजवणारे. तक्रार एकच. "व्हॉल्यूम फिरवला की खरखरतं रे, तेवढं बघ." संध्याकाळी येतो म्हणून ते गेले आणि मी मागचं झाकण उघडलं.

आत हंबकर (तारांची थरथर पकडणारा दोन कॉइलचा पिकप), आणि त्याला 250के चे पॉट (नॉबखालचे फिरते रोधक; के म्हणजे हजार ओहम)! हंबकरला 500के लावायचा, हे आमच्या धंद्यातलं पाढ्यांसारखं पाठांतर. मीटर लावला तर व्हॉल्यूमचा पॉट 205के च भरला. इतक्या कमी पॉटचा भार पिकपवर पडला की वरचा ट्रेबल, म्हणजे आवाजाची धार, बसतो. मला वाटलं, बिचारे इतकी वर्षं गोधडीआडून वाजवतायत. कुणी सांगितलं नव्हतं, तरी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीत गेलो. तिथे 'ए' छापाचा, म्हणजे ऑडिओ टेपरचा (कानाला आवाज सारखा उतरताना वाटतो असा) पॉट मागितला की 'बी', म्हणजे लिनिअर, पुढे सरकवतात. वर "सेमच आहे साहेब." सेम कसला? 'बी'चा आवाज अर्ध्या फेरीपर्यंत जेमतेम उतरतो आणि शेवटी एकदम कोसळतो. तिसऱ्या दुकानात 'ए' मिळाला.

दोन्ही पॉट बदलले. वर हौस म्हणून ट्रेबल ब्लीडही टाकला: व्हॉल्यूमच्या इनपुट आणि मधल्या पायामध्ये 1 नॅनोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे आवाज कमी केला तरी धार जात नाही. सोल्डरचे डाग असे चकचकीत बसले होते की फोटो काढला.

काका आले. पूर्ण व्हॉल्यूमला वाजवून त्यांनी मान डोलावली. मग करंगळीनं नॉब सहावर आणला आणि थांबले.

"आता गाणाऱ्याच्या मागे कसा जाऊ मी?"

तेव्हा उजेड पडला. टोनच्या नॉबला ते हातच लावत नव्हते. व्हॉल्यूम सहावर आणला की आवाज मऊ होऊन गाण्याखाली जायचा, सोलोला दहावर नेला की धार यायची. मी नेमकी तीच उतरण बुजवून ठेवली होती.

ब्लीडचा एक पाय कापला. आता सहावर आवाजाचा नुसता चिखल, धार अजिबात नाही. तेही बरोबरच: नॉब मध्ये असताना 500के च्या पॉटमधून सिग्नलला जास्त रोध लागतो, त्यात काकांची पाच मीटरची केबल, तिचा कपॅसिटन्स उरलासुरला ट्रेबल खाते. त्यांना हवा होता तो मऊपणा त्या 205के वरच मिळत होता.

जुने पॉट भंगाराच्या डब्यातून शोधले. नशीब, केरात गेले नव्हते. व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, वीसेक वेळा गरागरा फिरवला, दोन्ही पुन्हा डागले. खरखर गेली. पाच मिनिटांचं काम होतं.

काकांनी वाजवलं, सहावर आणलं, हसले. नव्या पॉटचे पैसेही बळेच हातात कोंबून गेले, "तू फिरलास ना त्यासाठी" म्हणून. मी ते घेतले, हे अजून खटकतंय.