बेटावरच्या जुन्या पाणीयोजनेवर नऊ दिवस

पाणीपुरवठ्याच्या कामातून निवृत्त झालेले दोन अभियंते, एक फिटर आणि मी असे आम्ही चौघे एका लहान प्रवाळबेटावरील जुनी पाणीयोजना सुधारण्यास मदत करण्यासाठी स्वयंसेवक म्हणून गेलो होतो. बेटावर पोचण्यापूर्वीच नव्या पंपांची यादी तयार होती. ती यादी आम्ही बाजूला ठेवली, हे बरे झाले.

पहिला दिवस व्हॉल्वमनबरोबर चालण्यात गेला. आमच्या हातातल्या नकाशावरचे व्हॉल्व जमिनीवर सापडत नव्हते आणि जमिनीवरचे नकाशावर नव्हते. खरा नकाशा त्याच्या डोक्यात होता. मागून जाणाऱ्यांनी हा दिवस वाचवण्याचा मोह टाळावा आणि प्रत्येक व्हॉल्व किती फेऱ्यांत बंद होतो, हेही त्याला विचारून लिहून घ्यावे.

दुसऱ्या रात्री आम्ही टाकीवर बसलो. टाकीत येणारे पाणी बंद करून रात्री एक ते चार या वेळेत दर पंधरा मिनिटांनी पट्टीने पातळी मोजली. गाव झोपलेले असताना पातळी 27 सेंटिमीटर उतरली. टाकीचे क्षेत्रफळ 20 चौरस मीटर, म्हणजे तीन तासांत 5,400 लिटर पाणी गेले. पुढच्या रात्री एकेक शाखा बंद करत गेल्यावर किनाऱ्यालगतची वाहिनी बंद होताच पातळी जवळजवळ स्थिरावली. व्हॉल्वमनने व्हॉल्वच्या दांड्याला लोखंडी सळई लावून तिचे दुसरे टोक कानाशी धरले आणि काही न बोलता ती माझ्या हातात दिली. आतून बारीक, अखंड सूं असा आवाज येत होता. वर मात्र वाळू कोरडी होती. प्रवाळाच्या सच्छिद्र जमिनीत गळती वर येत नाही, खालीच झिरपून जाते. त्यामुळे ओल शोधत फिरणे येथे व्यर्थ आहे.

गळतीचा संबंध खारेपणाशीही आहे, कारण वाया गेलेले पाणी भरून काढण्यासाठी विहिरीतून जास्त उपसा करावा लागतो. अशा बेटाखाली गोडे पाणी जड समुद्राच्या पाण्यावर तरंगत असते. ढोबळमानाने समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडे पाणी असेल, तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत ते असते. म्हणून विहिरीतील पातळी थोडी जरी कायमची खाली गेली, तरी खालचे खारे पाणी कितीतरी पटींनी वर सरकते. सहा तास सलग उपसा केल्यावर येथील पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे खारेपणाचे माप, सेंटिमीटरला 900 वरून 1,600 मायक्रोसीमेन्सवर गेली. मोठा पंप बसवला असता, तर आम्ही खारे पाणी अधिक वेगाने ओढले असते. त्याऐवजी उपसा दोन पाळ्यांत विभागून मध्ये विहिरीला विश्रांती दिली.

फुटलेली वाहिनी ॲस्बेस्टॉस सिमेंटची होती. अशा पाइपवर कोरडे ग्राइंडर चालवू नये, कारण तिची धूळ फुप्फुसांना घातक असते. पाणी मारत हातकरवतीने कापावे. आमची खरी चूक क्लॅम्पची, म्हणजे फुटलेल्या पाइपभोवती आवळायच्या पट्ट्याची झाली. आम्ही आतील व्यासावरून मापे मागवली होती आणि या पाइपांचा बाहेरील व्यास दाबाच्या वर्गानुसार बदलतो, त्यामुळे एकही क्लॅम्प बसला नाही आणि पुढच्या बोटीची वाट पाहण्यात तीन दिवस गेले. निघण्यापूर्वी बेटावरील माणसाला पाइपचा बाहेरील घेर टेपने मोजून, टेपसकट फोटो पाठवायला सांगावे, घेराला 3.14 ने भागले की व्यास मिळतो.

क्लोरिनबाबत एवढेच सांगतो की, उन्हात साठवलेल्या द्रावणाची ताकद लवकर उतरते, म्हणून मात्रा बाटलीवरील आकड्यावरून न ठरवता शेवटच्या नळाला तपासून ठरवावी. तिथे लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावे. ब्लीचिंग पावडर विमानात सामानातून नेता येत नाही.

आठव्या रात्री पुन्हा मोजले, तेव्हा त्याच तीन तासांत पातळी 8 सेंटिमीटर उतरली. उरलेली गळती बहुतेक घरगुती टाक्यांच्या तुटक्या फ्लोटबॉलची, म्हणजे टाकी भरताच पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या गोळ्यांची होती. त्यांपैकी अकरा बॉल फिटरने बदलले. टाकीवरची पट्टी, सळई आणि पातळीची वही व्हॉल्वमनकडे ठेवून आम्ही नवव्या दिवशी दुपारच्या बोटीने परतलो.