शास्त्राच्या तासाला मिळालेली वाट

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असा मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला, तेव्हा कशावर लिहायचं हा प्रश्नच पडला नाही. रावेर-यावल पट्ट्यातल्या मुसलमान वस्त्यांमध्ये प्रभू येशूची सुवार्ता घेऊन फिरण्यात माझी सगळी नोकरी गेली. काम मिशनने दिलं, पण ते कसं करायचं हे आपल्या शाळेत, शास्त्राच्या म्हणजे बायबलच्या तासाला ठरलं होतं.

आमच्या वर्गात लेवा पाटलांची मुलं होती, आम्ही बोर्डिंगवाली ख्रिस्ती मुलं होतो आणि तडवींचीही होती. सातपुड्याच्या पायथ्याचे तडवी भिल्ल मुसलमान आहेत, हे बाहेरगावच्या माणसाला सांगितलं की तो चकित होतो. आम्हाला त्यात काहीच नवल नव्हतं. ईदला त्यांच्या घरचा शिरखुर्मा आणि नाताळला आमच्या घरच्या करंज्या, अशी देवाणघेवाण चालायची. तरीही एकदा बोर्डिंगमधल्या एका मुलाने सरांना विचारलंच, "सर, त्यांच्यात सुवार्ता सांगायला गेलं तर मारतील ना?"

शास्त्राचे सर सहसा खुर्चीत बसत नसत. त्या दिवशी बसले. योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय काढला आणि पूर्ण प्रीती भीती घालवून देते, हे वचन त्याच मुलाला मोठ्याने वाचायला लावलं. मग म्हणाले, "ज्याची धास्ती वाटते त्याच्यावर माया करता येत नाही, बेटा. आधी भीती काढ, मग जा. निघत नसेल तर घरी बसून त्याच्यासाठी प्रार्थना कर, पण भीती घेऊन त्याच्या दारात जाऊ नकोस."

सर स्वतः एका मौलवीसाहेबांकडे जाऊन उर्दू शिकलेले. इतिहासही त्यांनीच सांगितला. 1219 साली ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यात धर्मयुद्ध पेटलेलं असताना इटलीतला संत, असीसीचा फ्रान्सिस इजिप्तमध्ये एका सोबत्याला घेऊन, हातात शस्त्र नसताना, सुलतान मलिक अल-कामिलच्या छावणीत गेला. सुलतान काही ख्रिस्ती झाला नाही. पण त्याने फ्रान्सिसचं बोलणं ऐकून घेतलं आणि त्याला सुखरूप परत पाठवलं. 1854 साली आग्र्याला जर्मन मिशनरी फँडर आणि मौलाना रहमतुल्ला कैरानवी यांचा जाहीर वादविवाद झाला. दोघेही मोठे विद्वान, पण मागे उरली ती कोण जिंकलं याचीच चर्चा. त्याच आग्र्यात त्याआधी अब्दुल मसीह नावाचे गृहस्थ काम करून गेले होते. मूळचे दिल्लीचे शेख सालेह. कानपूरला इंग्रज पाद्री हेन्री मार्टिन भिकाऱ्यांना जमवून उपदेश करीत, तो ऐकून त्यांचं मन वळलं आणि 1811 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे आग्र्यात ते गोरगरिबांना औषधं देत आणि प्रभूविषयी सांगत राहिले. सरांचा ओढा कुणाकडे होता, हे सांगायला नको. माझाही तिकडेच गेला.

मी नर्सिंग शिकून मिशनच्या दवाखान्यात लागलो आणि नंतर पूर्ण वेळ सुवार्तिक झालो. एक नियम मी स्वतःला घालून घेतला होता: औषधाच्या पुडीबरोबर पत्रक द्यायचं नाही. दुखणाईत माणूस नाही म्हणू शकत नाही. त्याच्या अडचणीचा फायदा घेऊन सांगितलेली सुवार्ता मला सुवार्ता वाटत नाही. कुणी विचारलं तर मात्र काहीही हातचं न राखता सांगायचं.

एका मोहल्ल्यात एक खाला होत्या. चुलीवरचं पाणी पायावर सांडून पाय पोळलेला, त्यात मधुमेह. ड्रेसिंगला जायचो तो रमजानचा महिना होता. गोळ्या दिवसा घ्या म्हटलं तर त्या घेणार नाहीत, हे दिसत होतं. डॉक्टरांना विचारून गोळ्यांच्या वेळा सहेरी आणि इफ्तारला बांधून घेतल्या, आणि मीही मगरिबच्या नमाजानंतर जाऊ लागलो. जखमेला चिकटलेली पट्टी कोमट पाण्याने भिजवून हळूहळू सोडवावी लागे. ती सुटेपर्यंत गप्पा चालत. एके दिवशी त्यांनी विचारलं, "बेटा, तू इतकं का करतोस?" प्रभू येशूने कुष्ठरोग्याला हात लावून बरं केलं, ती गोष्ट मी सांगितली. त्या म्हणाल्या, "हजरत ईसांना आम्ही पण मानतो." मी म्हटलं, हो, कुराणात मरियमेच्या नावाची सूरा आहे, तुम्ही त्यांना केवढा मान देता हे मला ठाऊक आहे. पण पुढचंही बोललो. कुराणात ईसांच्या वधस्तंभावरच्या मरणाचा इन्कार आहे आणि आमचा सगळा विश्वास त्या मरणावरच उभा आहे, हे मी त्यांच्यापासून लपवलं नाही. शेजारी त्यांचा मुलगा बसला होता. तो रागावला नाही. त्याने पुढे कितीतरी वेळा मला थांबवून त्यावरच प्रश्न विचारले. खाला मुसलमान म्हणूनच वारल्या. दफनाला मी गेलो होतो, त्या मुलाने मला हाताला धरून पुढे नेलं.

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वार्षिक सभेत हमखास विचारलं जायचं, किती जण प्रभूकडे आले? फार थोडे आले. जे आले ते विचार करून आले, आणि त्यातल्या एकाला घर सोडावं लागलं. त्याच्या वडिलांकडे जाणं मी बंद केलं नाही. पहिली काही वर्षं ते दार उघडत नसत. आता चहा पाजतात, मुलाची चौकशी करतात, पण त्याला घरी बोलवत नाहीत. हे दुःख मी त्यांच्याबरोबर वाहतो आहे. त्यावर माझ्याकडे औषध नाही.

अलीकडे आपल्याच मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर मुसलमानांविषयी जे फिरतं ते वाचून जीव तळमळतो. ते वाढताहेत, ते गिळून टाकतील, म्हणून त्यांच्यात काम करा, असा सूर असतो. अशा मनाने गेलेला माणूस समोरच्याला हरवायला जातो. समोरचा ते त्याच्या डोळ्यांत पाहतो आणि दार लावून घेतो, आणि बरोबरच करतो. ज्यांच्यासाठी प्रभूने प्राण दिला असं आपण म्हणतो, त्यांच्याविषयी असा मजकूर पुढे पाठवायला आपला हात धजतो कसा?

शाळेकडे माझी एक विनंती आहे. सरांच्या नावाने या वर्षापासून शनिवारी उर्दूचा वर्ग सुरू करावा, कुठल्याही धर्माच्या मुलांसाठी. शिकवायला गावातल्या उर्दू शाळेचे एक निवृत्त गुरुजी तयार आहेत, मी त्यांच्याशी बोललो आहे. पाट्या-पुस्तकांचा आणि त्यांच्या मानधनाचा पहिल्या वर्षीचा खर्च आमची बॅच उचलेल. जूनमध्ये खोली मोकळी मिळाली की झालं.