कारण : डोकेदुखी

आमच्या विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात शिरलं की दारातच एक टेबल, आणि टेबलावर सुतळीनं पेन बांधलेलं रजिस्टर. रकाने असे: अनुक्रमांक, नाव, विभाग, मोबाइल, कारण, सही. डाव्या हाताला डॉक्टरांची खोली, उजव्या हाताला समुपदेशक मॅडमची. कुठंही जा, रजिस्टर एकच. मी पहिल्यांदा गेलो त्या दिवशी माझ्या आधी १७ नावं होती आणि त्यातल्या ११ जणांचं डोकं दुखत होतं. वरच्यानं 'डोकेदुखी' लिहिलेलं, खालच्यांनी नुसत्या दोन-दोन रेघा मारलेल्या. वरीलप्रमाणे. मीही दोन रेघा मारल्या.

माझं डोकं दुखत नव्हतं. आदल्या आठवड्यात रात्री तीनला मी होस्टेलच्या पलंगावर ताडकन उठून बसलो होतो. छाती धडधड करायली, हाताला मुंग्या, घसा आवळलेला. वाटलं, संपलं. रूम पार्टनरनं गाडीवर मधी बसवून, मागं दुसऱ्या पोराला धरायला बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. ईसीजीची पट्टी निघेपर्यंत मी बराच शांत झालो होतो, आणि पट्टी नॉर्मल आली तेव्हा तर लाजच वाटली. येताना पार्टनर म्हणला, "आरं, नीट हाय ते बरंच झालं की. तोंड कामून पाडलंस?" त्याला काय सांगू? हृदयाचं काही निघालं असतं तर सांगायला तरी बरं होतं.

पुढच्या दहा दिवसांत असं अजून तीनदा झालं. मग केंद्रात गेलो. डॉक्टरांनी बीपी बघितलं, बोटाला टोचून साखर बघितली, थायरॉइडची आणि रक्ताची तपासणी लिहून दिली. थायरॉइड वाढलं तरी अशी धडधड होते, म्हणाले. मग विचारलं, "चहा किती?" मी खरं सांगितलं, सात-आठ कप. अभ्यासिकेच्या बाहेरची टपरी रात्री उशिरापर्यंत चालू असते, दोष तिचा. रिपोर्ट चांगले आले तसं त्यांनी चिठ्ठी न लिहिता नुसता हात केला, समोरच्या दाराकडं.

त्या दारात जायला मला आणखी नऊ दिवस लागले. एकतर मॅडम आठवड्यातून तीनच दिवस येतात. दुसरं, दोन्ही दारांच्या मधल्या बाकावर बसलेली पोरं कोण कुठं वळतंय ते बघत असतात. डावीकडं वळलं तर आजारी, उजवीकडं वळलं तर 'केस'.

आत काय चालतं याच्या लई अफवा आहेत, म्हणून सांगतो. गोळ्या देत नाहीत. गोळ्या मानसोपचारतज्ज्ञ लिहितात, तो डॉक्टर असतो. गरज वाटली तर मॅडम त्यांच्याकडं पाठवतात. मला पाठवलं नाही. पैसे घेत नाहीत. प्रवेशाच्या पावतीवर वैद्यकीय शुल्क म्हणून एक ओळ असते ना, ती आपण कधी वाचत नाही, त्यातच हे येतं. खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल, बंद पडलेलं घड्याळ. पाऊण तास बोलायचं.

मॅडमनी पहिल्या दिवशी एवढंच समजावलं की याला पॅनिक अटॅक म्हणतात. तो साधारण दहा मिनिटांत शिगेला जातो आणि मग उतरतो. छाती धडधडली की आपण घाबरतो, घाबरलं की ती आणखी धडधडते, असा तो रहाट. श्वास घ्यायचा चार मोजून आणि सोडायचा सहा मोजून, तळपाय फरशीला टेकवून. मला वाटलं, एवढ्यासाठी इथं बसवलं का? पण पुढच्या वेळी फरशीला पाय टेकवले, ती गार लागली, आणि खरंच उतरलं.

तिसऱ्या भेटीत त्यांनी विचारलं, "नेहमी तीनलाच का होतं रे?"

मी म्हणलं, माहीत नाही. मग दुसरंच काहीतरी बोलत बसलो. आमचं गाव बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात. आई-अण्णा दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, यंदा कोल्हापूरकडं आहेत. दोघांचा मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीला जोडी एकच धरतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, त्यातलीच काही माझ्या फीला गेलेली. मी आठ वर्षांचा होईस्तोवर त्यांच्यासंगं कोपीतच, म्हणजे झोपडीतच, असायचो. पहाटे टोळी फडात जायला निघाली की आई चुलीपाशी भाकरी थापायची, मला गोधडीत गुंडाळून ठेवायची आणि निघून जायची. मी जागा व्हायचो तर कोपीत कुणी नाही. किती वाजलेले असायचे, मॅडमनी विचारलं.

तीन.

खरं सांगतो, मला स्वतःलाच हे जुळवणं फार सिनेमातलं वाटलं. मॅडमपण "हेच कारण" असं काही म्हणाल्या नाहीत. कारण एकच नसतं, म्हणाल्या. पण होस्टेलवर आल्यावर मी लई दिवसांनी रडलो, आणि चहा दोन कपांवर आणला. अटॅक अजून येतात, महिन्यातून एखादा.

आईला सांगायचं नव्हतं. फडात तिला रेंज नसते, तीच कधीतरी कारखान्यावरून फोन करते. तिला दवाखान्याचं नाव काढलेलं चालत नाही. चाळिशीच्या आतच तिची गर्भपिशवी काढलेली आहे, का काढली ते तिला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. आमच्या टोळीत अशा बऱ्याच जणी आहेत. पण पार्टनरनं चोंबडेपणा करून तिला सांगितलंच. "काय झालतं रं? बाहेरचं काही आसंल, आंगारा लाव," म्हणली. मी हो म्हणलं. मग जरा थांबून म्हणली, "आन त्या बाईकडं बी जात जा."

एका गोष्टीचा मात्र मला राग आहे, आणि तो त्या रजिस्टरचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात २३ वं कलम आहे: रुग्णाच्या आजाराची, उपचाराची माहिती गुप्त ठेवायचा हक्क. आणि आमच्याकडं कारणासकट नाव, मोबाइल दारात उघडं. २०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. आमच्याकडं आहे की! पण तिच्यापर्यंत जायची वाट चव्हाट्यावरून. मी अर्ज दिला: 'कारण' हा रकाना काढावा, मॅडमसाठी वेगळं टोकन ठेवावं. आवक क्रमांक पडला. शिपाई मामा म्हणाले, रजिस्टर छापील आहे, संपल्यावर बघू. अजून अर्धं कोरं आहे.

ज्यांना त्या बाकावर बसायचंच नाही, त्यांनी १४४१६ लावा. टेलि-मानस, केंद्र सरकारची सेवा, रात्री तीनलापण चालू असते, पैसे लागत नाहीत, भाषा मराठी निवडता येते. मी एकदा लावलाय. पलीकडच्या ताईंनी आधी विचारलं, जेवलास का.

परवा बाकावर बसलो होतो. प्रथम वर्षाचं एक पोरगं रजिस्टरपाशी पेन धरून उभं. वरच्या ओळीत मीच होतो. हल्ली मी 'समुपदेशन' असं पूर्ण लिहितो, अक्षर जरा मोठंच काढतो. त्यानं ते वाचलं, माझ्याकडं बघितलं, पेन खाली टेकवलं आणि दोन रेघा मारल्या.